कोळसा, उत्पादन आणि निवारा : खाणकामगारांच्या घरांची कथा

आपल्या देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा खाणींतून काढण्यात आला. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास हे उत्पादन वर्षाला सुमारे ३ कोटी टन होते. पाऊणशे वर्षांत ते तीसपटीहून अधिक वाढले. आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत रात्री जे दिवे लागतात, त्यांची वीजही बहुतांशी कोळशावरच तयार होते. असे असूनही कोळसा काढणारा मनुष्य कोण, तो कोठून आला आणि पाळी संपल्यावर कोणत्या छपराखाली निजतो, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

विदर्भात राहणाऱ्या आम्हांस हा विषय परका नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी, उमरेड, सावनेर या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि आमच्या शाळेत खाणवस्त्यांतून आलेली मुलेही शिकतात. दुसरे असे की, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण संविधानाचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वंदन करतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी केलेले काम तितकेसे वाचले जात नाही. कोळशाचे उत्पादन आणि कोळसा कामगाराचे घर हे दोन्ही प्रश्न त्या चार वर्षांत एकत्र आले. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर मांडावा असे आम्हांस वाटले.

शेतकरी खाणीत कसा आला

भारतात कोळसा काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न १७७४ साली बंगालमधील राणीगंज भागात झाला. परंतु गिऱ्हाईक नसल्याने तो फार वाढला नाही. १८५५ साली रेल्वे राणीगंजपर्यंत पोहोचली आणि चित्र पालटले. रेल्वे कोळशाची वाहतूक करू लागली आणि तीच त्याची सर्वांत मोठी गिऱ्हाईकही झाली. पुढे आजच्या झारखंडमधील झरिया हे दुसरे मोठे क्षेत्र उदयास आले. आपल्याकडे वरोऱ्यासही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी खाण चालत असे.

या खाणींत उतरलेले लोक मूळचे खाणकामगार नव्हते. ते संथाळ, बाउरी, भुइया अशा आदिवासी आणि दलित जातीजमातींतील अल्पभूधारक किंवा भूमिहीन लोक होते. नवरा कुदळीने कोळसा तोडी; त्याला त्या भागात मलकट्टा म्हणत. बायको तो कोळसा टोपलीत भरून टबात टाकी. मजुरी टबावर मिळे. एका टबात दोघांचे श्रम असत आणि हिशेब मात्र एकच असे.

पेरणी आणि कापणीच्या दिवसांत हे लोक गावी परतत. त्या महिन्यांत उत्पादन घटे. मालकांची तक्रार अशी असे की, कामगार आळशी आहे, तो टिकत नाही. यावर काही मालकांनी एक युक्ती काढली होती. जमीनदारी हक्क विकत घेऊन कामगाराला कसण्यास थोडी जमीन द्यावयाची आणि तिच्या मोबदल्यात खाणीत काम करण्याची अट घालावयाची. कामगार खाणीशी बांधला गेला, पण निवाऱ्याचा प्रश्न सुटला नाही. उलट घर, जमीन आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या मुठीत गेल्या.

धौडा म्हणजे काय

जे कामगार दूरच्या गावांतून येत त्यांच्यासाठी मालक खोल्यांच्या रांगा बांधीत. झरियाच्या बोलीत त्यांना धौडा म्हणतात. एका रांगेत एकाला एक लागून खोल्या, बहुधा खिडकी नाही, स्वयंपाक त्याच खोलीत किंवा दारासमोर, कोळशाचा धूर घरभर. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे किंवा आळीपाळीने येणारे एकटे पुरुष राहत. खाणीतून काळेठिक्कर होऊन वर आलेल्या माणसाला अंघोळीसाठी पाणी मिळेलच याची खात्री नसे.

मालकांनी चांगली घरे का बांधली नाहीत, याचे उत्तर त्यांच्या कठोरपणात जसे आहे तसेच धंद्याच्या रचनेतही आहे. कोळशाच्या क्षेत्रात अनेक लहान लहान मालक भाडेपट्ट्यावर खाणी चालवीत. कोळशाचा भाव वरखाली होई. पट्टा संपला की खाण सोडावयाची, मग पक्के घर बांधून ते कोणासाठी ठेवावयाचे? घरावर घातलेला पैसा लगेच टनांच्या रूपाने परत येत नाही, हा त्यांचा हिशेब होता. आणि जो मालक चांगली घरे बांधील त्याचा कोळसा शेजाऱ्याच्या कोळशापेक्षा महाग पडे. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या सद्बुद्धीवर हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. सन १९३१ मध्ये शाही मजूर आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात कामगारांच्या निवाऱ्याच्या दुरवस्थेची चर्चा झाली; पण धौडे होते तसेच राहिले.

येथे आणखी एका कायद्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कोळसा काढून घेतल्यावर जमिनीखाली पोकळी राहते आणि वरचा थर खचतो. ती पोकळी वाळूने भरण्याच्या खर्चासाठी १९३९ साली कायदा करून कोळशावर कर बसविण्यात आला. खाणीचे छत सावरण्यासाठी सर्व मालकांकडून टनामागे पैसा गोळा करता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले होते. कामगाराच्या डोक्यावरील छतासाठी तीच पद्धत वापरावी, हे सुचण्यास मात्र युद्ध यावे लागले.

१९४३ चे संकट

दुसऱ्या महायुद्धात कारखाने, रेल्वे आणि लष्कर यांची कोळशाची मागणी वाढत गेली आणि नेमके १९४३ साली उत्पादन खाली आले. याची कारणे एकाहून अधिक होती. विमानतळ, रस्ते, छावण्या अशा लष्करी बांधकामांवर उघड्या हवेत आणि बऱ्या मजुरीवर काम मिळू लागल्याने मजूर खाणी सोडून गेले. धान्याचे भाव भडकले, म्हणून ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा होता तो शेतीकडे वळला. बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी दामोदर नदीच्या पुराने रेल्वेमार्ग तोडला आणि काढलेला कोळसाही हलविणे कठीण झाले.

या संकटाने एक गोष्ट उघड केली. खाणीत कोळसा होता, यंत्रे होती, गिऱ्हाईक होते; माणूस नव्हता. आणि माणूस नव्हता याचे कारण असे की, त्याला धरून ठेवील असे खाणीपाशी काहीच नव्हते. धौड्यातील खोली सोडताना त्याला काही गमवावे लागत नव्हते.

सरकारने तातडीचे उपाय केले. सवलतीच्या दराने धान्य देण्याची व्यवस्था झाली. गोरखपूर भागातून मजूर आणून त्यांना छावण्यांत ठेवण्यात आले. आणि एक असा निर्णय झाला, ज्याबद्दल आम्हांस स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे. स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास १९३७ पासून असलेली बंदी १९४३ मध्ये कोळसा खाणींपुरती उठविण्यात आली. मध्यवर्ती विधिमंडळात आणि बाहेरही यावर कठोर टीका झाली. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना या निर्णयाचे समर्थन करावे लागले. त्यांनी तो युद्धकाळापुरता अपरिहार्य उपाय म्हणून मांडला आणि सारख्या कामासाठी स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी हे तत्त्व येथे लागू केल्याचे सभागृहास सांगितले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ही बंदी पुन्हा लागू झाली. मधल्या काळात खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या, मुलांसाठी पाळणाघरे आणि खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे यांच्या तरतुदी झाल्या. परंतु ज्या माता त्या तीन वर्षांत खाली उतरल्या त्यांचे श्रम त्यामुळे हलके झाले असे आम्ही म्हणणार नाही. उत्पादनाची निकड वाढली की तिचा पहिला भार सर्वांत दुर्बलावर पडतो, हा धडा या घटनेतून घ्यावयाचा आहे.

मजूरमंत्री खाणीत उतरतात

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी झरियाच्या कोळसाक्षेत्राचा दौरा केला. ते स्वतः खाणीत उतरले, कोळसा कसा तोडला जातो ते पाहिले आणि कामगारांची घरेही पाहिली. त्यानंतर अल्पावधीतच, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाणकामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

या निधीची रचना समजून घेण्यासारखी आहे. खाणीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर थोडा कर घ्यावयाचा, तो एका स्वतंत्र निधीत जमा करावयाचा आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्च करावयाचा. विद्यार्थ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. टनामागे ४ आणे कर धरला आणि अडीच कोटी टन कोळसा बाहेर गेला, तर १० कोटी आणे, म्हणजेच साडेबासष्ट लाख रुपये जमा होतात. चार आण्यांनी कोळसा घेणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. पण त्या काळात साडेबासष्ट लाख रुपयांत पुष्कळ काही उभे राहू शकत होते.

या रचनेत तीन गोष्टी साधल्या गेल्या. कर सर्वांना सारखा असल्याने कामगारांचे हित पाहणारा मालक तोट्यात जाण्याचे कारण उरले नाही. लहान खाण बंद पडली तरी निधी बंद पडत नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामगाराचे घर ही मालकाची मेहेरबानी न राहता त्याने काढलेल्या टनाटनावरचा त्याचा हक्क झाला. उत्पादन वाढले की निधीही वाढणार, अशी सांगड येथे प्रथमच घातली गेली.

याच सुमारास सरकारने डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर अन्वेषण समिती नेमली. तिचे एक सदस्य एस. आर. देशपांडे यांनी कोळसा खाणींतील कामगारांच्या स्थितीचा स्वतंत्र अहवाल तयार केला, तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेतन, कर्ज, आहार, घरे यांची पाहणी करून मगच धोरण आखावे, ही दृष्टी त्यामागे होती.

घरे का रखडली

वटहुकुमाची जागा १९४७ च्या कायद्याने घेतली. त्यात निधीचे दोन भाग करण्यात आले, एक घरांसाठी आणि दुसरा सर्वसाधारण कल्याणासाठी. सल्लागार समितीत सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत आणि किमान एक सदस्य स्त्री असावी, अशी तरतूद झाली. धनबाद आणि आसनसोलजवळील कल्ला येथील मध्यवर्ती रुग्णालये ही या निधीची मोठी फलश्रुती होय.

घरांच्या बाबतीत मात्र वेग मंद राहिला. पन्नास हजार घरांची योजना आखली गेली, पण पहिल्या काही वर्षांत त्यांतील फारच थोडी उभी राहिली. याची कारणे आजही उपयोगी पडतील अशी आहेत. कोळसाक्षेत्रात घरासाठी योग्य जमीन मिळणे कठीण असते. जेथे खाली कोळसा आहे तेथे पक्के घर बांधता येत नाही, कारण उद्या ती जमीन खणली जाईल किंवा खचेल. म्हणून घरे खाणीपासून दूर बांधावी लागली. धनबादजवळ भुली येथे मोठी कामगार वसाहत याच निधीतून उभी राहिली. परंतु दूरच्या घरात राहावयाचे तर पाळीच्या वेळी खाणीवर पोहोचावयाचे कसे, हा प्रश्न येई. धौड्याच्या शेजारी बकरी बांधता येई, चार भाज्या लावता येत, नातलग जवळ असत. नव्या वसाहतीत ते नव्हते. त्यामुळे पक्के घर मिळत असतानाही ते घेण्यास अनेक कामगार नाखूश असत. घराच्या भिंती कागदावर आखता येतात. शेजार, पाणवठा आणि कामाची वाट यांचा विचार त्यांत राहणाऱ्याला विचारूनच करावा लागतो.

राष्ट्रीयीकरणानंतर

कोकिंग कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन सरकारने ऑक्टोबर १९७१ मध्ये हाती घेतले आणि १९७२ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. इतर कोळशाच्या खाणींबाबत हेच १९७३ मध्ये घडले. १९७५ मध्ये कोल इंडिया ही कंपनी स्थापन झाली; तिच्या शाखांपैकी वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी या खाणींमध्ये निकृष्ट घरे धरून एकूण १,१८,३६६ घरे होती, अशी कंपनीची नोंद आहे; कामगार मात्र सहा लाखांहून अधिक होते. म्हणजे पाच-सहा कामगारांमागे एक घर, आणि तेही अनेकदा केवळ नावाला. पुढील काळात ही संख्या सुमारे चार लाखांपर्यंत गेली. कल्याण निधीचे वेगळे खाते १९८६ मध्ये बंद होऊन ती जबाबदारी कोळसा कंपन्यांकडे आली.

या घरांनी काय केले, हे आम्ही आमच्या भागात पाहिले आहे. ज्या कुटुंबांना गावात गावकुसाबाहेर राहावे लागे, त्यांना खाणीच्या वसाहतीत क्रमांक असलेले क्वार्टर मिळाले. शेजारी कोण आहे हे जातीवरून न ठरता क्वार्टरच्या यादीवरून ठरू लागले. नळ आला, दवाखाना आला, मुलांना शाळा मिळाली. अनेक वसाहतींत कामगारांनी वर्गणी काढून बुद्धविहारे बांधली आणि तेथे संध्याकाळी अभ्यासवर्ग चालू लागले. पक्के छप्पर मिळाले की मनुष्य आपल्या मुलांचा दहा वर्षांपुढचा विचार करू लागतो.

आजचा प्रश्न

आता परिस्थिती पुन्हा बदलली आहे. कोल इंडियाचा ९० टक्क्यांहून अधिक कोळसा आज खुल्या खाणींतून निघतो. मोठी यंत्रे, मोठे डंपर, कमी माणसे. राष्ट्रीयीकरणाच्या काळात सहा लाखांहून अधिक असलेली कायम कामगारांची संख्या आता सव्वादोन लाखांच्या आसपास आली आहे, तर उत्पादन अनेकपटींनी वाढले आहे. कायम कामगारांना आज घरांची टंचाई फारशी नाही. परंतु माती उचलणे, कोळसा भरणे आणि वाहून नेणे ही कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडून होतात. त्या कंत्राटी कामगारांपैकी बहुतेकांना क्वार्टर मिळत नाही. ते खाणीजवळच्या झोपडीत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. धौडा नाहीसा झाला असे म्हणताना या खोल्याही मोजल्या पाहिजेत.

दुसरा प्रश्न नोकरीशी बांधलेल्या घराचा आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते. ज्याने तीस-पस्तीस वर्षे खाणीत काढली आणि गावी घर बांधले नाही, तो साठाव्या वर्षी पुन्हा निवाऱ्याच्या शोधात निघतो. यासाठी नोकरीच्या काळातच स्वतःचे घर बांधण्याची तजवीज करणे आवश्यक आहे, हे आम्ही आमच्या पालकांना आवर्जून सांगतो.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. झरियात जमिनीखाली लागलेल्या आगीची पहिली नोंद १९१६ सालची आहे. आजही तेथे आग धुमसत आहे, जमीन खचत आहे आणि तिच्यावर हजारो कुटुंबे राहत आहेत. २००९ मध्ये सरकारने पुनर्वसनाचा मोठा आराखडा मंजूर केला आणि बेलगडिया येथे नवी घरे बांधली. पण भुलीच्या वेळचाच अनुभव पुन्हा आला. घर मिळाले तरी कोळशाच्या भोवतीची रोजी मागे राहिली. खुली खाण वाढते तेव्हा चंद्रपूर-वणीकडची गावेही उठतात. कोळसा काढणाऱ्याचे घर आणि कोळशावर वसलेल्याचे घर, या दोहोंचा विचार एकाच हिशेबात झाला पाहिजे.

हिशेबाची रीत

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कर्तव्ये सांगताना मालकाने सेवकाशी कसे वागावे हेही सांगितले आहे. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळेवर विश्रांती द्यावी, असा त्याचा आशय आहे. ही यादी दयेची नाही, कर्तव्याची आहे. १९४४ च्या निधीची रचना पाहिली की हेच कर्तव्य कायद्याच्या भाषेत आणि टनामागे आण्यांच्या हिशेबात मांडलेले दिसते. सद्भावना व्यक्तीच्या मर्जीवर न ठेवता तिला नियमाचे रूप देणे, ही बाबासाहेबांच्या कामाची पद्धत होती.

आमचे काही विद्यार्थी उद्या अभियंते होतील, काही अधिकारी, काही कामगार संघटनांचे कार्यकर्ते होतील. त्यांच्यासमोर उत्पादनवाढीचे तक्ते येतील. त्या तक्त्यांत टनांच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने आहेत की नाहीत ते त्यांनी पाहावे : किती माणसांनी हे काम केले, त्यांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती, त्यांना घर आहे का, पाणी आहे का, त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात. हे रकाने रिकामे असतील तर ते भरून घेण्याचा आग्रह धरावा. १९४३ साली झरियाच्या धौड्यांत उभे राहून जो प्रश्न विचारला गेला, तो खाणीतून कोळसा निघत आहे तोवर विचारावा लागणार आहे, आणि तो विचारण्याची तयारी शाळेतच झाली पाहिजे.